समोरच्याचं ऐकणारा नट

मंडळी, अशोक सराफ म्हटलं की आपल्या तोंडात पहिलं वाक्य कोणतं येतं? 'धनंजय माने इथेच राहतात का?' बरोबर? आता जरा थांबा आणि आठवा, हे वाक्य मामांचं, म्हणजे अशोक सराफांचं, नाहीच आहे. ते दुसऱ्याच पात्राच्या तोंडी आहे, मामा म्हणजे ज्याचा पत्ता विचारला जातोय तो माणूस. तरी वाक्य ऐकलं की डोळ्यासमोर येतात मामाच. मला आज हेच सांगायचंय, की या माणसाची कॉमेडी बोलण्यात जेवढी आहे ना, त्याहून जास्त ऐकण्यात आहे.

ते वाक्य 'अशी ही बनवाबनवी'मधलं, सिनेमा १९८८ चा. त्यात भाड्याच्या घरासाठी बायका झालेल्या सचिन आणि लक्ष्याला, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेला, साडी आहे, पदर आहे, बायकी आवाज आहे, म्हणजे हसवायला हातात काहीतरी आहे. मामांकडे काय आहे? काही नाही, साधा शर्ट पँट. त्यांचं काम एकच, सगळ्यांचं खोटं सांभाळायचं, आणि कोणी नको ते बोलून गेलं की ते त्यांच्या चेहऱ्यावर आधी दिसतं, मग आपल्याला हसू येतं. आणि तो सत्तर रुपयांचा सीन घ्या. समोर घरमालक म्हणजे सुधीर जोशी, केवढा ताकदीचा नट! त्यांनी मधुमेहाच्या औषधासाठी मामांना पैसे दिलेले, आणि मामा खरोखर सुतकात असल्यासारखे सांगतात की ते पैसेही वारले. कुठेही डोळा मारलेला नाही, प्रेक्षकांकडे चोरून बघणं नाही. दुःख शंभर टक्के खरं आहे, फक्त ते सत्तर रुपयांचं आहे. माझ्या मते मराठी सिनेमात इतका स्वच्छ विनोदी अभिनय फार कमी वेळा झालाय.

हे आलं कुठून? जन्म ४ जून १९४७, मुंबईचा. त्यांचे स्वतःचे मामा गोपीनाथ सावकार हे रंगभूमीवरचं मोठं नाव, त्यामुळे नाटक घरातच होतं. वयाच्या अठराव्या वर्षी व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवलं ते शिरवाडकरांच्या 'ययाती आणि देवयानी'त, विदूषक म्हणून. आता हे संगीत नाटक आहे, अभिषेकीबुवांचं, म्हणजे जितेंद्र अभिषेकींचं संगीत. संगीत नाटकात काय होतं, गाणारा नट गातो, गाणं रंगतं, वन्समोअर पडतो, आणि बाकीच्यांनी तेवढा वेळ स्टेजवर नुसतं उभं राहायचं असतं, पण मेल्यासारखं नाही, पात्र जिवंत ठेवून. मला मनापासून वाटतं की ऐकायची सवय तिथेच लागली असणार. बरं, पोटापाण्यासाठी स्टेट बँकेत नोकरीही केली, बरीच वर्षं, आणि नाटक त्याच्याबरोबरच चालू.

मग १९७५ ला 'पांडू हवालदार'. समोर दादा कोंडके! दादांची जीभ म्हणजे सुटलेला दांडपट्टाच, त्यांच्या शेजारी उभं राहून आपण दिसायचं हे सोपं नव्हतं, पण सखाराम हवालदार लक्षात राहिला, आणि १९७७ च्या 'राम राम गंगाराम'मधला म्हमद्या खाटीक तर घराघरात पोचला.

आणि गंमत बघा, लोक हसायला लागले होते तेव्हाच, १९७८ ला, विजया मेहतांनी त्यांना 'हमीदाबाईची कोठी'त घेतलं. अनिल बर्वेंचं गंभीर नाटक, कोठीवरच्या गाण्याचे दिवस संपत आलेत त्याची गोष्ट. नाना पाटेकर, नीना कुलकर्णी, भारती आचरेकर, आणि लुक्का म्हणून अशोक सराफ. हे ज्यांनी लक्षात घेतलंय त्यांना १९९१ च्या 'चौकट राजा' सिनेमातला गणा बघून आश्चर्य वाटत नाही. तिथे केंद्रस्थानी दिलीप प्रभावळकरांचा मतिमंद नंदू आहे आणि मामा त्याला जपत उभे आहेत, कुठेही त्याच्या पुढे येत नाहीत. स्टार झालेल्या माणसाने हे करणं म्हणजे काय ते नटांना विचारा.

हिंदीत त्यांना हवं तेवढं मिळालं नाही, 'करण अर्जुन'चा मुनशी, 'सिंघम'चा हेड कॉन्स्टेबल, ठीक आहे. पण १९९५ ला झी टीव्हीवर 'हम पांच' आलं आणि तिथे त्यांच्या गुणाला मोकळं रान मिळालं. पाच मुली, दुसरी बायको, आणि भिंतीवर पहिल्या बायकोचा फोटो जो बोलतो, म्हणजे प्रिया तेंडुलकर. रोज एका फ्रेमशी संसाराचं बोलायचं! समोर बाई बसलेली नाही हे आपण विसरून जायचो, कारण मामांचा आनंद माथुर त्या फोटोचं खरंच ऐकत होता, वैतागत होता, दबकत होता.

पुरस्कार मिळाले, महाराष्ट्र भूषण, २०२५ ला पद्मश्री, उशिरा मिळाले असं मी म्हणेन. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे सत्तरी ओलांडलेला हा माणूस 'व्हॅक्यूम क्लीनर'मध्ये निर्मिती सावंतांबरोबर पुन्हा नाटकात उभा राहिला. चिन्मय मांडलेकरचं नाटक, नवराबायकोची शरीरं अदलाबदल होतात, म्हणजे मामांनी अख्खी बायको स्वतःच्या अंगात घ्यायची, आणि ते कसं जमणार? निर्मितीताई चालतात कशा, वाक्य सोडतात कुठे, मान कधी वळवतात, हे रोज बघितल्याशिवाय, ऐकल्याशिवाय जमणारच नाही.