तेलाच्या डब्यावरची तारीख

श्रोते हो, नमस्कार.

तुळशीची लग्नं लागली की माझ्या खोलीबाहेरचा बाक भरायला लागतो. कुणाच्या मुलीचं लग्न असतं, कुणाच्या भाच्याचं, कुणाचं स्वतःचंच. मागणी ठरलेली : "मॅडम, दोन महिने हातात आहेत, दहा किलो उतरवून द्या." मी आहारतज्ज्ञ आहे, वीस वर्षं हेच काम करते आहे, आणि या मागणीला मी सरळ नाही म्हणते.

हिशोब करून बघा. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दहा किलोच्या झाल्या ७७,०००. साठ दिवसांनी भागलं तर रोज जवळजवळ १,३०० कॅलरी कमी करायच्या. घरचं सगळं करून थोडीफार ये-जा करणाऱ्या बाईला दिवसाला मुळात लागतात सतराशे-अठराशे. मग तिनं खायचं काय? दुधीचा रस, काकडी, गरम पाण्यात मध, असं सुरू होतं. पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो आणि घरात आनंदीआनंद होतो. पण गेलेलं असतं ते बरंचसं पाणी. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर आधी वापरली जाते, तिच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही बाहेर पडतं. पुढे चरबी उतरते, तिच्यासोबत स्नायूही झिजतात. लग्न पार पडतं, जेवण पहिल्यासारखं होतं आणि वजन परत येतं. त्यात चरबी भरून येते. झिजलेले स्नायू मात्र बसल्या जागी भरून येत नाहीत.

आपल्या लोकांना ही झीज परवडणारी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. २००४ साली तो 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. फोटोत ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के. आपण बारीक दिसत असलो तरी आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्याकडच्या पुष्कळ जणांची ठेवण आहे. म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नका. शिवणाच्या डब्यातली टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. पुरुषांचं ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांचं ८० च्या आत असावं.

आता एका ताईंबद्दल सांगते. वय बावन्न, घरात चार माणसं. त्यांची तक्रार अशी, "मी काही खातच नाही हो!" त्या खोटं बोलत नव्हत्या. ताटात खरंच दोन पोळ्या आणि थोडा भात. मी त्यांना आहाराचा तक्ता दिला नाही. एवढंच सांगितलं, की तेलाचा पाच लिटरचा नवा डबा फोडाल त्या दिवशी मार्करनं त्याच्यावर तारीख घाला, आणि संपेल त्या दिवशी मला फोन करा.

फोन चोविसाव्या दिवशी आला. पाच लिटर म्हणजे सुमारे साडेचार किलो तेल. चार माणसांत, चोवीस दिवसांत, म्हणजे माणशी रोज ४७ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ते २५ ते ३० ग्रॅमच्या आसपास हवं. वरचे वीस ग्रॅम म्हणजे १८० कॅलरी, रोज, प्रत्येकाच्या पोटात, आणि ताटात कुणाला दिसतही नाहीत. फोडणीला त्या पळीनं तेल घालायच्या. मी पळीऐवजी पोह्याचा चमचा वापरायला लावला. कांदा परतताना खाली लागायला लागला की तेल न घालता पाण्याचा हबका मारायचा. पहिले आठ-दहा दिवस घरच्यांनी कुरकुर केली, मग चव जिभेवर बसली.

चहा दिवसातून चार वेळा, दर वेळी दोन चमचे साखर. ती निम्मी केली, ८० कॅलरी वाचल्या. आणि तिसरी गोष्ट त्यांनी फार हळू आवाजात सांगितली. रात्री पातेल्यात उरलेला भात, नातवाच्या ताटातली अर्धी पोळी, वाया नको म्हणून त्याच संपवायच्या. मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणी हे करतो! आई-आजीकडून आलेली सवय आहे, तिच्यामागे अन्नाबद्दलचा आदर आहे, म्हणून तिला मी नावं ठेवणार नाही. भात मोजून लावा, उरलेला डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी फोडणीचा भात करा. आपलं पोट उरलंसुरलं ठेवायची जागा नाही.

कमी करण्याचं एवढंच. बाकी मी त्यांना वाढवायलाच सांगितलं. ताटात आधी मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ, वाटीभर, घट्ट. सोबत कोशिंबीर आणि पालेभाजी मिळून निम्मं ताट. जेवताना ताक. चालत असेल तर अंडं, बांगडा. डाळी-कडधान्यांनी पोट भरलेलं राहतं आणि स्नायू टिकायला मदत होते. आपल्या वरणात पाणी फार आणि डाळ थोडी असते, तेव्हा वरण खाल्लं म्हणजे डाळ खाल्ली असं धरू नका.

भाकरीबद्दल रोज विचारलं जातं. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात, वजनाला वजन, कॅलरी जवळपास सारख्याच. भाकरीला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते, हा तिचा फायदा. पण तीन भाकऱ्या त्या तीनच. आणि "एकादशी, दुप्पट खाशी" हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर तेल-तूप आणि दाण्याचं कूट. उपास श्रद्धेनं जरूर करा, वजनासाठी त्याचा आधार घेऊ नका.

व्यायामाचं म्हणाल, तर आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालणं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग. शिवाय आठवड्यातून दोनदा ताकदीचं काम : हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, जिने चढणं, झेपत असतील तर सूर्यनमस्कार. तासभर चालून जेवढ्या कॅलरी जातात तेवढ्या एका वडापावात परत येऊ शकतात, म्हणून नुसत्या चालण्यानं वजन फारसं हलत नाही. पण उतरलेलं वजन राखायला मात्र हे चालणंच उपयोगी पडतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, हृदयाचा त्रास असेल, तर जेवणात बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. जेवण चुकलं तर साखर एकदम खाली येऊ शकते.

ताईंचं वजन पहिल्या तीन महिन्यांत पाच किलो उतरलं. मग दीड महिना काटा ढिम्म. त्या रडकुंडीला आल्या. हे होणारच असतं. शरीर हलकं झालं की त्याची गरजही घटते, उतार मंदावतो. आम्ही काहीही कडक केलं नाही, फक्त चालणं अर्ध्या तासावरून पाऊण तासावर नेलं. दहा महिन्यांत नऊ किलो. याला आता दोन वर्षं होऊन गेली, आणि एखादा किलो इकडेतिकडे सोडला तर वजन तिथंच आहे.

गेल्या महिन्यात त्या सहज भेटायला आल्या. पिशवीत शिंप्याकडे टाकायचे चार ब्लाउज होते, आत घ्यायचे. आणि फोनमध्ये रिकाम्या तेलाच्या डब्याचा फोटो. त्यावर सुनेच्या अक्षरात दोन तारखा होत्या. मी बोटांवर मोजलं, त्रेचाळीस दिवस.

नमस्कार.