रिसेट मारलं आणि लॅपटॉप उठलाच नाही? फॉरमॅटच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. टेबलावर हा जो लॅपटॉप दिसतोय ना, त्याचं रिसेट, म्हणजे विंडोज नव्याने बसवायचं काम, चालू असताना मी मुद्दाम वीज तोडलीय. बॅटरी आधीच काढून ठेवली होती, कारण जुन्या लॅपटॉपची बॅटरी नावालाच असते. चार्जरची पिन हलली की खेळ खलास. आता याची अवस्था बघा.

[क्लोजअप: लोगो येतो, ठिपके गोल फिरतात, स्क्रीन काळी होते, पुन्हा लोगो]

हे असंच चालू राहणार. या अवस्थेत लोक दोन गोष्टी करतात. एक तर विंडोजच्या रिपेअर स्क्रीनवरून पुन्हा रिसेट मारतात. नाहीतर थेट दुकानात नेतात, तिथला मुलगा विचारतो, ‘फॉरमॅट मारू का?’ आणि आपण हो म्हणून मोकळे होतो. दोन्ही जरा थांबवा.

आधी हे समजून घ्या की रिसेट करताना आत काय होतं. विंडोज १० पासून लॅपटॉपमध्ये विंडोजची वेगळी कोरी प्रत ठेवलेली असेलच असं नाही. ‘लोकल रीइन्स्टॉल’ निवडलंत, की तुमच्या डिस्कवर आधीपासून असलेल्या सिस्टिम फायली गोळा करून त्यांच्यातूनच नवी विंडोज उभी केली जाते. म्हणजे त्या फायली मुळातच बिघडलेल्या असतील, तर नवी विंडोजही बिघडलेलीच येणार, किंवा काम अर्ध्यात अडकणार. रिपेअरची ती निळी स्क्रीनसुद्धा त्याच डिस्कवर राहते. घराला कुलूप लावलं आणि किल्ली आतच राहिली, तसला प्रकार. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रिसेट एकदा फसलं की त्याच डिस्कच्या भरवशावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसू नका. बाहेरून पेन ड्राइव्ह आणा.

पण पेन ड्राइव्हच्या आधी डेटा. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं होतं की ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’, ते आठवा. पहिलं निवडलं असेल आणि मध्येच अडकलं असेल, तर तुमचे फोटो आणि कागदपत्रं बहुतेक अजून जागेवर आहेत. ती काढायची कशी, ते दाखवतो.

लोगो दिसला की पॉवर बटण दाबून धरा, मशीन बंद करा. दोन-तीनदा असं केलं की विंडोज स्वतःहून रिपेअरच्या स्क्रीनवर जाते. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. त्या काळ्या खिडकीत फक्त नोटपॅड टाइप करा आणि एंटर मारा.

[स्क्रीन रेकॉर्डिंग: नोटपॅड, फाइल, ओपन, खाली ‘ऑल फाइल्स’]

ही ओपनची खिडकी म्हणजे तुमचा छोटा फाइल एक्सप्लोरर. इथून यूजर्सचं फोल्डर उघडा, हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर पेस्ट. किती कॉपी झालं याची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. गोठलेली नसते, काम चालू असतं. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, सी ड्राइव्ह डी म्हणून दिसेल, तर नावाकडे न बघता आत काय आहे ते बघा. आणि दुकानदार मंडळींनो, टॅलीचा डेटा डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये शोधू नका, त्याचं फोल्डर वेगळं असतं. तेही उचला.

इथे बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, आडवा येऊ शकतो. ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला होता, त्या खात्यात मोबाईलवरून लॉगिन करा. डिव्हाइसेसमध्ये ती की सापडते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ती ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, म्हणून ‘मी तर कधी लावलंच नव्हतं’ म्हणणारे पुष्कळ जण भेटतात. की खरंच मिळाली नाही तर डेटा गेला असं समजा. लॅपटॉप मात्र गेला नाही, तो कोरा करून वापरता येतो.

आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ पूर्ण झालं असेल तर? जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअरने काहीतरी हाती लागण्याची शक्यता असते, अट एवढीच की त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका. एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कवर, ती आशा फार कमी. पुसलेली जागा एसएसडी आतून स्वतःच रिकामी करून टाकते.

आता स्क्रीनवर काय लिहून येतंय ते नीट वाचा, कारण इथून वाटा फुटतात.

‘द कॉम्प्युटर रीस्टार्टेड अनएक्स्पेक्टेडली’ असं लिहिलेली एक चौकट येते. ओके दाबलं की मशीन रीस्टार्ट, परत तीच चौकट. यावर एक जुनी युक्ती आहे. चौकट समोर असतानाच शिफ्ट आणि एफ १० दाबा, काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही लागतं. काळी खिडकी उघडली की रेजएडिट टाइप करा, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगची यादी उघडते. मग हा रस्ता बघा.

[स्क्रीनवर मोठ्या अक्षरात: एचकी लोकल मशीन, सिस्टिम, सेटअप, स्टेटस, चाइल्ड कम्प्लिशन]

उजवीकडे सेटअप डॉट ईएक्सई असं नाव दिसेल, त्याची किंमत १ असेल. ती ३ करा, बंद करा, ओके दाबा. बऱ्याचदा गाडी पुढे सरकते आणि डेस्कटॉप येतो. पण अशी आलेली विंडोज अर्धी कच्ची असते. डेटा काढून घ्यायला तिचा उपयोग करा, वर्षभर त्यावर काम करायच्या भानगडीत पडू नका.

‘देअर वॉज अ प्रॉब्लेम रिसेटिंग युवर पीसी’ आणि पुढे ‘नो चेंजेस वेअर मेड’ आलं, तर तुम्ही नशीबवान. काही बदललेलंच नाही. इथे ‘क्लाउड डाउनलोड’ एकदा करून बघायला हरकत नाही. विंडोजची ताजी प्रत थेट मायक्रोसॉफ्टकडून उतरते, साधारण ४ जीबी. दिवसाच्या मोबाईल पॅकवर हे झेपणार नाही, घरच्या वायफायवर करा.

आणि दर वेळी दोष तुमचाच असतो असं नाही हं. १२ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या सिक्युरिटी अपडेटने विंडोज १० आणि विंडोज ११ च्या २२एच२, २३एच२ आवृत्त्यांमध्ये रिसेटच मोडून ठेवलं होतं. लोक बटण दाबत होते आणि रिसेट फसत होतं. १९ ऑगस्टला मायक्रोसॉफ्टला खास वेगळं अपडेट काढावं लागलं. मग १४ ऑक्टोबरला त्याहून भारी: त्या दिवसाच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ मध्ये रिपेअरच्या स्क्रीनवर यूएसबीचा माउस आणि कीबोर्ड चालेना! समोर बटणं दिसतायत आणि दाबता येत नाहीत. जुन्या गोल पिनवाल्या कीबोर्डने मात्र काम भागत होतं. २० ऑक्टोबरला तेही दुरुस्त झालं. त्या दिवसांपासून अपडेट न झालेलं मशीन तुमच्याकडे असेल, तर रिपेअरच्या स्क्रीनशी झगडत बसण्यापेक्षा पेन ड्राइव्ह बरा.

तिसरी वाट सगळ्यात वाईट. ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’. एचपीवर सोबत ‘३एफ०’ असा कोडही येतो. आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये, जाऊन डिस्कचं नाव दिसतंय का बघा. दिसतच नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही, डिस्क सैल झालीय किंवा मेलीय. मग हे नेमकं रिसेटच्या वेळीच का होतं? कारण आपण रिसेट मारतो तेच मुळी मशीन स्लो झालं म्हणून, आणि कित्येकदा ते स्लो झालेलं असतं डिस्क मरायला टेकली म्हणून. तशा डिस्ककडून रिसेट एका दमात ढीगभर लिहा-वाचायचं काम करून घेतं. डिस्क कधी दिसते, कधी गायब होते, टकटक आवाज येतो, तर चेकडिस्क (डिस्क तपासणारी विंडोजची कमांड) चालवू नका. आधी डेटा काढा, मग नवी एसएसडी.

बरं, डिस्क धडधाकट आहे. आता पेन ड्राइव्ह. किमान ८ जीबीचा, आणि त्यातलं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवा. मित्राच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, ते बाकीचं करतं. डेल, एचपी, लेनोवो यांची स्वतःची रिकव्हरी टूल्सही आहेत. कंपनीप्रमाणे सिरियल नंबर, सर्व्हिस टॅग किंवा प्रॉडक्ट आयडी दिला की त्या मॉडेलची विंडोज ड्रायव्हरसकट (वायफाय, डिस्क असे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) मिळते. तुमच्या मॉडेलला मिळत असेल तर तेच घ्या, पुढचा बराच त्रास वाचतो.

पेन ड्राइव्ह लावून मशीन चालू करताना डेल आणि लेनोवोवर एफ १२, एचपीवर एफ ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा.

आता जपून. डिस्क निवडायची स्क्रीन आली आणि यादी रिकामी असेल, तर डिस्क मेली असं लगेच समजू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सेटिंग चालू असते, आणि पेन ड्राइव्हमधल्या विंडोजला तिचा ड्रायव्हर माहीत नसतो. कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दुसऱ्या मशीनवर उतरवा, अनझिप करा, त्याच पेन ड्राइव्हमध्ये टाका आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबा. यादी भरते.

यादी दिसली की सरसकट सगळं डिलीट करू नका. आपल्याकडे एकाच डिस्कचे सी आणि डी असे तुकडे पाडायची सवय आहे. लग्नाचे फोटो डीमध्ये असतात! इथे सी-डी अशी अक्षरं दिसत नाहीत, आकारावरून ओळखा. शंका असेल तर बाहेर पडा, मघाची नोटपॅडची युक्ती करून डी रिकामा करून घ्या, मग परत या.

विंडोजची प्रॉडक्ट की मागितली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडा. कंपनीने विंडोजसकट विकलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डमध्येच असते. आवृत्ती विचारली तर आधी होती तीच द्या. भारतात विकलेल्या पुष्कळ लॅपटॉपवर होम सिंगल लँग्वेज असते. हौसेने प्रो टाकलंत तर ॲक्टिव्हेट होणार नाही.

शेवटचा अडथळा: विंडोज ११ इंटरनेट मागते आणि वायफाय दिसतच नाही, कारण ड्रायव्हर नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपला इंटरनेट मिळतं. पुढे विंडोज अपडेट वायफायचा ड्रायव्हर बहुतेक वेळा स्वतःच आणते, नाही आणला तर कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकून घ्या.

अडलात तर कॉमेंट करा, पण ‘दादा, लॅपटॉप चालू होत नाही’ एवढंच लिहू नका. मॉडेल, एसएसडी की हार्ड डिस्क, रिसेट करताना काय निवडलं होतं, आणि स्क्रीनवरचं वाक्य जसंच्या तसं. बिटलॉकरची की मात्र कॉमेंटमध्ये टाकू नका, कृपा करा.