जमिनीवर बसणारी पिकअप

[गॅरेजचं शटर वर जातं. आत १९९४ची शेव्हरोले एस-१०. कॅमेरा जमिनीलगत.]

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, गाडीचे चारही टायर पंक्चर झालेत. वाकून बघा. टायर टम्म फुगलेले आहेत. बसलीय ती गाडीच. चेसीची लोखंडी कड सरळ सिमेंटच्या कोब्यावर टेकलीय. खालून पोस्टकार्ड सरकवायला गेलात तरी सरकायचं नाही.

आता आत बसलेला माणूस एक बटण दाबतो.

[हवेचा आवाज. गाडीचं नाक उचलतं, मग मागचा भाग.]

ऐकलंत? झडपा उघडल्या, कॉम्प्रेसरनं टाकीत दाबून भरलेली हवा एअरबॅगांमध्ये शिरली आणि दोन-तीन सेकंदांत गाडी चालवण्याच्या उंचीवर आली. एअरबॅग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अपघातात स्टिअरिंगमधून फुगणारी पिशवी येते. ही ती नव्हे. ही जाड रबराची, आत दोऱ्यांचं विणकाम असलेली हवेची स्प्रिंग आहे. आपल्याकडचे बसचे मेकॅनिक तिला सरळ ‘बलून’ म्हणतात. मुंबई-पुणे शिवनेरीतून गेला असाल, तर तुम्ही अशाच बलूनवर बसून घाट चढला आहात.

पण बस हवेवर चालते ती प्रवाशांच्या पाठीसाठी. ही पिकअप हवेवर का?

[दक्षिण कॅलिफोर्नियातला रस्ता. संध्याकाळ. ठेंगण्या गाड्या हळूहळू जाताना.]

कारण इथं आहे, लॉस एंजेलिसच्या परिसरात. मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांमधली पोरं दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या गाड्या खाली बसवू लागली. स्प्रिंगा कापायच्या, मागं वाळूची पोती टाकायची आणि व्हिटियर बुलव्हार्डवरून सावकाश मिरवायचं. सरकारला हे खुपलं. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात २४००८ क्रमांकाचं कलम आलं आणि १९५८पासून लागू झालं. चाकाच्या रिमच्या तळापेक्षा गाडीचा दुसरा कुठलाही भाग खाली येता कामा नये, असा नियम.

मग तोडगा निघाला. १९५९मध्ये रॉन अगिर्रे नावाच्या तरुणानं आपल्या कॉर्व्हेटला विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप लावले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी कायद्यात. पोलीस गेला की पुन्हा खाली. ते कलम गेलं तब्बल ६६ वर्षांनी. २०२३मध्ये मंजूर झालेल्या नव्या कायद्यानं १ जानेवारी २०२४पासून ते रद्द केलं आणि रस्त्यावर मिरवायची स्थानिक बंदीही उठवली.

हायड्रॉलिकमध्ये असतं तेल. तेल दबत नाही, म्हणून गाडी उड्या मारते, पण रोज चालवायला हाडं खिळखिळी करते. वर बॅटऱ्यांचं ओझं. हवा मात्र दबते. ऐंशीच्या दशकात माझदा, निस्सान, टोयोटा, एस-१० अशा छोट्या पिकअप खाली बसवायचं वेड आलं. पुढं त्या पोरांनी तेलाऐवजी हवा धरली, ती याचसाठी.

खरं तर हवा त्याआधीच गाड्यांत येऊन गेली होती. कॅडिलॅकनं १९५७च्या एल्डोराडो ब्रोममध्ये ती दिली. गळायला लागली. वैतागलेल्या मालकांनी काढून साध्या स्प्रिंगा बसवल्या. गळतीचं हे दुखणं लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

[बॅगचं जवळून दृश्य. दोन फुगवटे, वर-खाली लोखंडी पत्रे.]

हिशेब सोपा आहे. हवेचा दाब गुणिले बॅगचं क्षेत्रफळ, म्हणजे ती किती वजन उचलेल ते. क्षेत्रफळ १८ चौरस इंच धरा. उंचीप्रमाणे ते थोडं बदलतं, पण धरा. आत ६० पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस इंचावर ६० पौंडांचा दाब. १८ गुणिले ६० म्हणजे १,०८० पौंड. साधारण ४९० किलो, एकाच बॅगवर. पेट्रोल पंपावर आपण कारच्या टायरला ३२-३३ भरतो, म्हणजे हा दाब काही राक्षसी नाही. मागचा हौदा रिकामा असेल तर याच्या निम्म्या हवेतही भागतं. माल भरला की हवा वाढवायची, गाडी पुन्हा मूळ उंचीवर. हा हवेचा खरा फायदा.

आता गाडीखाली जाऊ.

[गाडी जॅकवर. मागचा एक्सल, ग्राइंडरच्या ठिणग्या.]

बघणाऱ्यांचा समज असा की बॅगा लावल्या म्हणजे गाडी खाली आली. उलटं आहे. गाडी खाली येते ती कापाकापीनं. बॅग तिला फक्त परत वर उचलते.

या गाडीला मागं मुळात पाटे होते. पाट्याला आपण स्प्रिंग म्हणतो, पण त्याच्याकडे दोन कामं असतात. वजन झेलायचं, आणि एक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा आस, जागेवर धरून ठेवायचा. पाटे काढून बॅग ठेवली की पहिलं काम झालं. दुसरं कोण करणार? रबराची पिशवी एक्सलला धरू शकत नाही. म्हणून चार दांडे लागतात. प्रत्येक दांड्याचं एक टोक चेसीला, दुसरं एक्सलला. दांडे समांतर असतील तर एक्सल आडवा सरकू नये म्हणून पाचवा, तिरपा किंवा आडवा. यांचं वेल्डिंग कच्चं असेल तर बाकीचं सगळं फुकट. अशा गाडीत मी बॅगा नंतर बघेन, आधी दांड्यांचे जोड बघेन.

मग खाच. गाडी चार-पाच इंच खाली आली की एक्सलची नळी खालून चेसीवर आपटते. म्हणून एक्सलच्या बरोबर वर चेसीला इंग्रजी सी अक्षरासारखी खाच कापतात आणि तिच्याभोवती जाड पट्टी वेल्ड करून गेलेली ताकद भरून काढतात. याला म्हणतात सी-नॉच. पार जमिनीला टेकवायचं असेल तर खाच पुरत नाही. चेसीला पायरीसारखा उंचवटा करावा लागतो, आणि हौद्याचा पत्राही कापावा लागतो.

[हौद्यात वरून. मधोमध कापलेली जागा, तिथून एक्सल दिसतो.]

म्हणजे माल वाहायला केलेल्या गाडीत माल ठेवायला जागाच नाही. हौसेला मोल नसतं, पण मला इथं थोडं वाईट वाटतं. ज्यांना गाडी कामालाही हवी, ते छोट्या खाचेवर थांबतात, हौदा शाबूत ठेवतात. माझं मत त्यांच्या बाजूनं.

पुढच्या बाजूला काम कमी. गोल स्प्रिंग काढायची, तिच्या जागी वर-खाली बैठक देऊन बॅग बसवायची. इथं चुका होतात त्या जागेच्या. फुगल्यावर बॅगचा घेर वाढतो. एखादी कड, बोल्ट, ब्रेकचा पाइप तिला घासला की रबर गेलंच. सगळीकडून बोटभर मोकळी जागा हवी. सायलेन्सरच्या नळीपासून तर अजून लांब. आणि शॉकअप्सर काढून टाकायचे नाहीत. बॅग ही नुसती स्प्रिंग आहे, उसळी थांबवणं तिचं काम नाही.

अलाइनमेंट करायचं ते चालवायच्या उंचीला. बसलेल्या गाडीची चाकं वरून आत कलतात. तशीच रोज हाकली तर टायरची आतली कड महिन्यांतच साफ.

आणखी एक, स्वस्तात करणाऱ्यांसाठी. डाव्या-उजव्या बॅगांना एकच नळी जोडून एक झडप वाचवता येते. मग वळणावर काय होतं? बाहेरच्या बाजूवर भार येतो, तिथली हवा नळीतून पलीकडे पळते आणि गाडी अजूनच कलंडते. चार चाकांना चार वेगळ्या वाटा हव्यात.

आपल्याकडे हे करावं असं मनात आलं असेल, तर जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा आधार घेत न्यायालयानं सांगितलं, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मालकाला मनमानी बदल करता येणार नाहीत. स्पीडब्रेकरचं तर मी बोलतच नाही.

[सकाळ. गाडी गॅरेजबाहेर. मागचा डावा कोपरा बाकीच्यांपेक्षा दोन बोटं खाली.]

रात्री चारही कोपऱ्यांवर सारखी उभी केलेली गाडी सकाळी अशी दिसली की समजायचं, हवा कुठून तरी निघतेय. टाकीच्या तळाची चावी आधी उघडतात. फुर्रकन कपभर गढूळ पाणी पडतं. कॉम्प्रेसरनं दाबलेल्या हवेतली वाफ टाकीत थंड होऊन साचते, आणि हेच पाणी झडपांना गंज आणतं. पण आजचं दुखणं ते नाही.

माणूस बाटलीत साबणाचं पाणी घेऊन गाडीखाली सरकतो. आपल्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं घमेलं आठवा, तसंच. एका जोडावर फवारा. काही नाही. दुसऱ्यावर, काही नाही. तिसऱ्या जोडावर मोहरीएवढा बुडबुडा येतो, फुगतो, फुटतो. परत येतो.

पाना लावून पाव आटा फिरवला. पुन्हा फवारा.

[जोडाचं जवळून दृश्य. फेस स्थिर आहे.]