शाळेची खरेदी: बिलं एकत्र मांडली तर

नमस्कार, श्रोतेहो.

शाळेत काटकसरीचा विषय निघाला की चर्चा हमखास पंख्याच्या बटणापासून सुरू होते. वर्ग रिकामा असेल तर दिवे बंद करा, पाठकोऱ्या कागदावर प्रिंट काढा, खडू जपून वापरा. यात चुकीचं काहीच नाही. पण वर्षभर बटणं बंद करून जे वाचतं, ते खरेदीच्या एका ऑर्डरवर घाईत सही झाली की निघून जातं. पगार हा शाळेचा सगळ्यात मोठा खर्च, आणि त्यात शाळेला फारसं काही करता येत नाही. जे हातात आहे ते म्हणजे कागद, टोनर, बाकं, संगणक, प्रयोगशाळेचं सामान, वीज, दुरुस्ती. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. शाळांनी आपापली बिलं एकमेकींना दाखवावीत. निविदा, घासाघीस, तुलनात्मक तक्ता हे सगळं त्याच्यानंतर येतं.

असं का म्हणतो? पुरवठादार वर्षभर बऱ्याच शाळांना माल देतो. कोणत्या शाळेला कोणता दर लावला, कोण पैसे वेळेवर देतं, कोण न विचारता सही करतं, हे त्याच्या वहीत असतं. शाळेजवळ मात्र फक्त स्वतःचं बिल. गेल्या वर्षीच्या दरापेक्षा थोडा कमी दर मिळाला की मुख्याध्यापक खूश, लिपिकही खूश. पण गेल्या वर्षीचा दरच चढा असेल तर? शेजारच्या शाळेचं बिल पाहिल्याशिवाय ते कळणार कसं? आणि गंमत अशी की शेजारची शाळा ते बिल दाखवायला सहसा नकार देत नाही. तिला कुणी विचारलेलंच नसतं.

याचं एक नोंदलेलं उदाहरण आहे, आणि ते शाळांचंच आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात शाळांना लागणाऱ्या दुधासाठी दरवर्षी निविदा निघत. प्रत्येक शाळा-जिल्हा, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणारी संस्था, आपली निविदा वेगळी काढायचा, डेअऱ्या बंद पाकिटात दर द्यायच्या, कमी दरवाल्याला काम मिळायचं. नियमाने सगळं नीट. पुढे रॉबर्ट पोर्टर आणि जे. डग्लस झोना या दोन अर्थतज्ज्ञांनी 1980 च्या दशकातले अनेक जिल्ह्यांचे दर एकत्र मांडून तपासले. त्यांचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. दूध गाडीने पोचवायचं असतं, त्यामुळे डेअरीपासून शाळा जितकी लांब तितका दर जास्त, अशी कुणाचीही अपेक्षा असेल. ज्यांच्यावर संगनमताचा संशय होता त्या डेअऱ्यांच्या बाबतीत उलटं दिसलं. स्वतःच्या कारखान्याजवळच्या शाळांना त्यांचा दर चढा होता आणि लांबच्या शाळांना कमी. कारण सरळ आहे. जवळच्या भागात या डेअऱ्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं, लांब मात्र खरी स्पर्धा करावी लागत होती. त्यातल्या दोन डेअऱ्यांच्या लोकांनी संगनमताची कबुलीही दिली होती.

मला यातली एक बाब फार बोलकी वाटते. एकेका जिल्ह्याची फाइल उघडली असती तर त्यात वावगं काही सापडलं नसतं. दरपत्रकं आहेत, तक्ता आहे, सह्या आहेत. लबाडी दिसली ती फायली शेजारी शेजारी ठेवल्यावर.

आपल्यापैकी ज्यांनी शाळेचं कार्यालय पाहिलं आहे, त्यांना तीन कोटेशन, म्हणजे तीन वेगवेगळ्या पुरवठादारांकडून दरपत्रकं मागवायचा प्रकार ठाऊक असेल. तिन्ही कोटेशनं एकाच माणसाने आणून दिलेली, शुद्धलेखनाची चूक तिन्हींत तीच, बेरजेतली चूकही तीच. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने निविदांमधलं संगनमत कसं ओळखावं याची मार्गदर्शक तत्त्वं 2009 मध्ये काढली, त्यात नेमक्या याच खुणा दिल्या आहेत. सारख्याच चुका, सारखीच अक्षरं, दरवर्षी आळीपाळीने जिंकणारे तेच ते पुरवठादार. शेवटची खूण एका शाळेला पटकन लक्षात येणार नाही. पाच शाळा एकत्र बसल्या की पंधरा मिनिटांत येईल.

आता बिलं दाखवायची म्हणजे नुसता दर सांगून भागत नाही. कागदाचंच घ्या. एक शाळा म्हणते, आम्हाला रिम स्वस्त पडते. ठीक, पण रिम कसली? कर धरून की सोडून? माल शाळेत पोचवून की दुकानातून उचलायचा? आणि मुख्य म्हणजे कागद किती जीएसएमचा? जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोरची सोळा पानं मिळून जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर होतो. म्हणून 80 जीएसएमचं एक पान 5 ग्रॅमचं आणि 500 पानांची रिम अडीच किलोची. तीच 70 जीएसएमची असेल तर साधारण 2 किलो 190 ग्रॅम भरते. बिलावर 80 लिहिलेलं आणि काट्यावर 70 चं वजन, असं असेल तर पुढे बोलायला काही उरतच नाही. वेष्टनाचं वजन वजा करा, दमट हवेने थोडंफार इकडे-तिकडे होईल तेही सोडून द्या. पण तीनशे ग्रॅमचा फरक हवेने पडत नाही. प्रयोगशाळेत काटा असतोच. माल आला की एक रिम त्याच्यावर ठेवायची, आणि पानं मोजायचं काम सहावी-सातवीच्या मुलांना द्यायचं. सरासरी शिकवायला याहून चांगलं साहित्य मिळणार नाही.

म्हणून मला निविदेपेक्षा यादी महत्त्वाची वाटते. 'चांगल्या प्रतीचा कागद' असं यादीत लिहिलं की आपण भांडण हरलोच. जीएसएम लिहा, पानांची संख्या लिहा, पोच कुठे हवी ते लिहा. बाकांच्या बाबतीत लाकडाची किंवा पत्र्याची जाडी लिहा, वेल्डिंग कुठे कुठे हवं ते लिहा, आणि नमुन्याचं एक बाक शाळेत ठेवून घ्या. पुढे येणारा माल त्या बाकाशी ताडून घ्यायचा.

यादी एकसारखी झाली की मग एकत्र खरेदीचा विचार करता येतो. इथे बरेच जण घाबरतात. पैसे कुणाच्या खात्यात जमा करायचे? एका शाळेने पैसे थकवले तर? हिशेब तपासनीस काय म्हणेल? माझं मत असं की पैसा एकत्र करूच नये. दर एकत्र ठरवावा. त्याला दरकरार म्हणतात. सगळ्या शाळांची मिळून एक निविदा निघते, वर्षभराचा दर ठरतो, आणि मग प्रत्येक शाळा आपली ऑर्डर आपण देते, बिल आपल्या नावावर घेते, पैसे आपल्या खात्यातून भरते. आपापल्या व्यवस्थापनाचे आणि शासनाचे खरेदीचे नियम यात पाळावे लागतातच, पण निदान दुसऱ्याच्या उधारीचा बोजा आपल्यावर येत नाही. निविदेचं काम एका वर्षी एका शाळेने करावं, पुढच्या वर्षी दुसरीने. तेच काम कायम एकाच माणसाकडे राहिलं की त्याचे आणि पुरवठादाराचे संबंध आपोआप घट्ट होत जातात, माणूस कितीही सरळ असला तरी.

एक गैरसमज इथेच दूर करतो. संख्या वाढली की दर आपोआप उतरतो असं नाही. पुरवठादाराचा खर्च कशाने कमी होतो ते पाहा. दहा प्रकारच्या वह्यांऐवजी दोनच प्रकार लागले, गाडी एका फेरीत चार शाळा करू शकली, ऑर्डर कधी येणार हे आधी कळलं, आणि पैसे ठरल्या दिवशी मिळाले, तर त्याला दर उतरवायला जागा मिळते. यातला शेवटचा मुद्दा शाळांना ऐकायला आवडत नाही. सहा-सहा महिने बिल अडकवून ठेवणाऱ्या शाळेला पुरवठादार दर देतो तेव्हा त्या सहा महिन्यांचं व्याज दरातच घालतो. तो बोलत नाही इतकंच. तसंच हंगामाचं. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात वह्या आणि बाकं मागायची आणि सवलतीची अपेक्षा ठेवायची, हे जमत नाही. आर्थिक वर्ष संपताना निधी परत जाईल म्हणून जी धावपळीची खरेदी होते, तीही याच माळेतली. त्या पंधरवड्यात शाळा काय विकत घेतात हे पुढे अडगळीच्या खोलीत बघायला मिळतं.

आणखी एक सावधगिरी. एकत्र निविदा काढताना सगळं एकाच ठेकेदाराच्या गळ्यात घालू नका. कागद वेगळा, फर्निचर वेगळं, प्रयोगशाळेचं सामान वेगळं, असे भाग पाडले तर लहान पुरवठादारही दर भरू शकतो. तो मैदानातून गेला की दोन-तीन वर्षांनी उरलेला मोठा ठेकेदार सांगेल तो दर, अशी पाळी येते. आणि सगळंच एकत्र करायच्या मागेही लागू नका. गळका नळ दुरुस्त करायला हाकेच्या अंतरावरचा माणूसच बरा.

आता विकत घेतलेली वस्तू पुढे काय खाते ते पाहू. प्रिंटर स्वस्त मिळाला म्हणून घेतला, आणि टोनरने घाम काढला, हा अनुभव बहुतेक कार्यालयांना आहे. कार्ट्रिजच्या खोक्यावर अमुक इतकी पानं असं लिहिलेलं असतं. काळ्या टोनरसाठी हा आकडा सहसा आयएसओ 19752 या मानकानुसार काढतात, आणि त्यातल्या चाचणीच्या पानावर शाई पडते ती जेमतेम पाच टक्के भागावर. आकृत्या आणि तक्ते भरलेली प्रश्नपत्रिका त्याहून कितीतरी जास्त शाई ओढते. म्हणून प्रिंटर घेण्याआधी कार्ट्रिजची किंमत भागिले पानं हा हिशेब करा, आणि तो खोक्यावरच्या आकड्याने न करता, तोच प्रिंटर वापरणाऱ्या शाळेला विचारून करा. तिच्या बिलांत खरा आकडा आहे. चार शाळांनी एकच मॉडेल घेतलं तर परीक्षेच्या आदल्या दिवशी टोनर संपल्यावर उसना तरी मागता येतो.

दिव्यांचंही तसंच. जुनी 36 वॉटची ट्यूब चोकसकट चाळीसच्या वर वॉट घेते. तिच्या जागी एलईडी वीस वॉटच्या आत काम करते. ट्यूबमागे वीस वॉट वाचले असं धरा. चाळीस ट्यूब, रोज सहा तास, वर्षाला 200 दिवस. गुणाकार केला तर 960 युनिट होतात. त्याला आपल्या वीजबिलावरच्या दराने गुणा, म्हणजे बदलाचा खर्च किती दिवसांत सुटेल ते दिसेल. संगणक घेताना मात्र वेगळा प्रश्न विचारायचा: याला सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळणार? विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि चालू स्थितीतली कितीतरी यंत्रं नव्या आवृत्तीला पात्र नाहीत असं निघालं. ती लगेच भंगारात काढायची गरज नाही. लिनक्स आणि लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरवर लेखन, तक्ते, इंटरनेट हे काम होतं. पण हा प्रश्न खरेदीच्या वेळी विचारलेला बरा असतो.

काही वस्तू तर घ्यायच्याच नसतात. स्थिर विजेचा प्रयोग दाखवणारं व्हॅन डी ग्राफ यंत्र शाळेत वर्षातून किती तास चालतं? शर्यतींचे अडथळे, मोठा ध्वनिक्षेपक संच, दुर्बीण? तीन शाळांत एक पुरतं, फक्त तो पाठ तिन्ही शाळांत एकाच आठवड्यात ठेवायचा नाही. तुटलं तर कोण भरणार हे आधी लिहून ठेवायचं, वाहून न्यायला नीट पेटी करायची, आणि नेताना-आणताना दोघांनी सह्या करायच्या. एवढं केलं नाही तर पहिल्या फुटलेल्या काचेबरोबर सहकार्यही फुटतं. आणि जडवस्तू संग्रह नोंदवही, म्हणजे शाळेतल्या टिकाऊ सामानाची वही, उघडून बघा. एका शाळेत पटसंख्या घटल्याने पडून असलेली बाकं दुसऱ्या शाळेला नव्याने विकत घ्यावी लागतात, याचं कारण दोन्ही नोंदवह्या कधी एका टेबलावर आलेल्या नसतात.

सुरुवात करायची तर कागदापासून करा. तीन शाळांच्या लिपिकांनी एक दुपार एकत्र बसावं, गेल्या वर्षभराची कागदाची बिलं समोर ठेवावीत आणि चार रकाने आखावेत: तारीख, जीएसएम, कर आणि पोच धरून रिमचा दर, पैसे किती दिवसांनी दिले. मुख्याध्यापकांनी त्या दुपारी त्यांना दुसरं काम सांगू नये. आणि एखाद्या पुरवठादाराने करारात दर गुप्त ठेवण्याची अट घातली असेल, तर त्या ओळीवर सही करण्याआधी ती खोडून मागा. त्याने का खोडत नाही ते सांगावं. त्याचं उत्तर मिळेपर्यंत सही थांबली तरी चालेल.

नमस्कार.