मुक्त मराठवाडा आणि निजामाचे दप्तर

(दृश्य : तळहातावर चांदीचा रुपया)

चारमिनारची मुद्रा असलेला हा रुपया म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या निजामाचा हाली सिक्का. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने माघार घेतली, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे मुक्त झाले, तरी बाजारात पुढे काही वर्षे हेच नाणे चालत राहिले. सात हालीला सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे रुपये, असा भाव शेतकऱ्याला तोंडपाठ ठेवावा लागे. हद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते. माल शेजारच्या नगर-सोलापुरात न्यायचा, तर तिथे जकात भरावी लागत असे.

(दृश्य : अभिलेख कक्ष, रुमालात बांधलेली दप्तरे)

भारत सरकारची लष्करी कारवाई पाच दिवसांत संपली. कारभार मात्र या रुमालांत बांधलेला होता. कागद उर्दूत, साल फसली म्हणजे महसुली, जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार. ज्याच्या घामावर शेतसारा वसूल होत होता, त्या मराठी शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागदही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर झाले, शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आले आणि त्यांच्याही पुढ्यात हीच दप्तरे आली.

संस्थानाची सुमारे एक तृतीयांश जमीन जहागिरींत होती आणि सर्फेखासचा, म्हणजे निजामाच्या खास मुलखाचा, महसूल थेट त्याच्या खासगी खजिन्यात जात असे. 1949 मध्ये सर्फेखास सरकारजमा झाला, त्याच वर्षी जहागिरी संपल्या आणि 1950 मध्ये दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांसाठी कुळकायदा आला. कायदा कुळाच्या बाजूचा होता. पण पिढ्यान्‌पिढ्या तोंडी बोलीवर जमीन कसणाऱ्याने आपले नाव कोणत्या कागदात दाखवायचे, हा प्रश्न कायद्याने सुटणारा नव्हता. म्हणूनच जमीन कोणाची आणि कसतो कोण याची नोंद असलेल्या 1954 च्या खासरा पत्रकाला मराठवाड्यात एवढे मोल आहे. जमिनीचा जुना वाद निघाला की आजही पहिली मागणी असते, ‘खासरा काढा’.

निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या अत्याचारांत आणि कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांवर झालेल्या हिंसेत अनेक गावे पोळली. त्या हिंसेची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके दडून राहिला.

(दृश्य : नांदेड स्थानक, पहाट)

1952 मध्ये हैदराबाद राज्यात बुर्गुल रामकृष्ण राव यांचे निवडून आलेले पहिले मंत्रिमंडळ स्थापन झाले आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. माणसे, जिल्हे आणि जमीन इकडे आली. संस्थानाचे मोठे दप्तर हैदराबादलाच राहिले. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत, हे सगळ्यांनाच जाणवले. ती माणसे आहेत तोवर या कागदांचे वाचन आणि लिप्यंतर व्हायला हवे. मराठवाड्याच्या जमिनीचा इतिहास मुळातून वाचू पाहणाऱ्याला अजूनही याच फलाटावरून हैदराबादची गाडी धरावी लागते.