चांदण्यात उतरवलेली वही

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या घरात कोणी पियानो किंवा व्हायोलिन शिकतं, त्यांना स्वर लिहायचा पाच रेघांचा तो कागद चांगलाच ओळखीचा असेल. पियानोला अशा पाच-पाच रेघांच्या दोन ओळी, एक वर, एक खाली. व्हायोलिनला एकच. ऑर्केस्ट्रात तर प्रत्येक वादकासमोर फक्त त्याच्या वाट्याचा कागद असतो. सगळ्यांचं एकत्र लिहिलेलं असतं ते कंडक्टरच्या पुढ्यात. नोटेशनबद्दल, म्हणजे संगीत असं लिहून ठेवण्याबद्दल, आज इतकंच, कारण मला गोष्ट सांगायची आहे ती एका मुलाची.

जर्मनीतला थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख. जन्म 1685 चा. दहा वर्षांचा होईपर्यंत आई गेली, वडीलही गेले. थोरला भाऊ योहान ख्रिस्तोफ ओर्ड्रूफ गावात ऑर्गन, म्हणजे चर्चमधलं ते मोठं नळ्यांचं वाद्य, वाजवायचा, त्याने या पोरक्या भावाला घरी आणलं आणि वाजवायला शिकवलं. भावाने दिलेलं सगळं मुलाच्या हातात भराभर बसू लागलं. पण त्या घरात आणखी एक वही होती. फ्रोबर्गर, केर्ल, पाखेलबेल अशा त्या काळच्या मोठ्या मंडळींच्या रचनांची. ती वही मुलाला हवी होती आणि भाऊ ती देत नव्हता. का देत नव्हता, ते गोष्ट सांगणाऱ्यांनीही सांगितलेलं नाही.

वही होती कपाटात, कुलपात. पण कपाटाला दार होतं जाळीचं. आपल्याकडे दूध-तूप ठेवायचं जाळीचं कपाट असायचं ना, तसं डोळ्यांपुढे आणा. वहीला पुठ्ठा नव्हता, नुसती कागदात शिवलेली. रात्री सगळे झोपले की मुलगा उठायचा, लहानसा हात जाळीतून आत घालायचा, वहीची आतच सुरळी करायचा आणि अलगद बाहेर ओढायचा. मग उतरवून घ्यायला बसायचा. दिवा मिळत नव्हता, म्हणून चांदण्यात. चांदणं नसेल त्या रात्री काम बंद. असे सहा महिने, श्रोतेहो. सहा महिने!

वही पूर्ण झाली. मुलगा चोरून त्यातलं वाजवू लागला आणि भावाला कळलं. भावाने ती नक्कल काढून घेतली. सहा महिन्यांचं चांदणं गेलं. बाखच्या मृत्यूनंतर, 1754 साली छापलेल्या मृत्युलेखात ही हकीकत आहे, आणि तो लिहिणाऱ्यांत त्याचा स्वतःचा मुलगा होता.

मला विचाराल तर कागद काढून घेतला तरी संगीत काढून घेता आलं नाही. हाताने एकेक स्वर उतरवताना तो कानात आणि बोटांत उतरतोच. मलाही सरांनी व्हायोलिनचे पहिले धडे वहीत उतरवायला लावले होते, ते आजही पाठ आहेत. हल्ली झेरॉक्स काढतात, नाहीतर मोबाईलवर फोटो. माझं मन त्याला मानत नाही. आणि कुठला स्वर कुठल्या बोटाने वाजवायचा, त्या खुणा करायच्या त्या पेन्सिलीने, पेनने कधीच नाही!

गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना असंच लहानपणी नोटेशन वाचायला शिकवत. तिथून मुंबईला आलेल्या वादकांनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांना व्हायोलिनचे ताफे दिले. समोर कागद ठेवला की वाजवायला सुरुवात! या वादकांची नावं आपल्याला पाठ असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

आता बाखच्या गोष्टीचा पुढचा भाग. चांदण्यातली वही काही आजवर सापडलेली नाही. पण 2006 साली जर्मनीतल्या वायमार शहराच्या ग्रंथालयातल्या जुन्या कागदांत बाखच्या हस्ताक्षरातली काही पानं ओळखली गेली. दोनच वर्षांपूर्वी त्या ग्रंथालयाला मोठी आग लागली होती; हे कागद तिजोरीच्या खोलीत होते म्हणून वाचले. राइन्केन नावाच्या ऑर्गनवादकाची रचना त्यात उतरवलेली आहे. खाली साल 1700, गाव ल्युनेबुर्ग. म्हणजे मुलगा तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा.

आणि त्या पानांवर पाच रेघा नाहीतच. ऑर्गनसाठी तेव्हा स्वर अक्षरांनी लिहायची पद्धत होती. आपण वहीत सा, रे, ग, म लिहितो ना, तशी ओळीखाली ओळ, बारीक अक्षरं.