बाळूंना कुठल्या खणात ठेवू?

श्रोतेहो, नमस्कार.

या भाषणाचं बोलावणं आलं तेव्हा सोबत एक सूचना होती. खेळ, पुस्तकं, राजकारण आणि संस्कृती, यांतला एक विषय निवडा आणि दहा मिनिटं बोला. आठवडाभर मी त्या चार शब्दांकडे बघत बसलो. अडचण अशी, की गेले काही महिने माझ्या डोक्यात एकच माणूस घर करून आहे आणि तो या चारांतल्या एकाही खणात मावत नाही. पाय आत घालावेत तर डोकं बाहेर राहतं. शेवटी मी खण सोडले आणि माणूस धरला.

पालवणकर बाळू. तुमच्यातल्या काहींना नाव ठाऊक असेल. जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळ कोकणातल्या पालवणचं, चांभार समाजातलं. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे पोरं वाढली पुण्यात. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन भाऊ-भाऊ खेळायला शिकले. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्लबात: खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा. पगार महिना तीन रुपये. तिथून ते युरोपियनांच्या क्लबात गेले, तिथे चार रुपये. जाळी बांधायची, आखणी करायची आणि वेळ पडली तर साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ही वेळ मग रोजच पडू लागली.

डावखुरा, संथ गोलंदाज. या गोलंदाजीचं वर्णन रेडिओवर करणं अवघड, पण बघतो प्रयत्न करून. उजव्या हाताच्या फलंदाजाला वाटतं, चेंडू आपल्या अंगाकडे येतोय. हवेत तो येतोही तसाच. फलंदाज पुढचा पाय टाकतो, बॅट पुढे काढतो, आणि तेवढ्यात टप्पा पडून चेंडू बाहेर वळतो. बॅटची कड लागली की स्लिपमध्ये झेल, नाही लागली तर यष्टिरक्षक उभाच आहे. पाय मात्र क्रीजबाहेर अडकलेला.

ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी होते, त्या काळच्या इथल्या युरोपियनांतले मोठे फलंदाज. इतरांच्या आधी मैदानावर येऊन ते बाळूंच्या गोलंदाजीवर एकट्याने सराव करत आणि जितक्या वेळा बाद होत तितक्या वेळा आठ आणे देत, असं सांगतात. हिशेब करून बघा: आठ वेळा बाद केलं की महिन्याचा पगार सुटला! (हे ग्रेग साहेब पुढे पाद्री झाले. याचा आपल्या गोष्टीशी काही संबंध नाही, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) मात्र त्या क्लबात बाळूंच्या हातात बॅट म्हणून कुणी दिली नाही. फलंदाजी ही साहेबी, गोलंदाजी ही हमाली. गोलंदाजांकडे बघण्याची ही दृष्टी आजही पुरती गेलेली नाही, असं मला अधूनमधून वाटतं.

आता पुण्याच्या हिंदू क्लबाला पेच पडला. साहेबांना हरवायचं तर गोलंदाज हवा, आणि गोलंदाज समोर आहे, पण अस्पृश्य. बरीच भवति न भवति झाली आणि बाळूंना घेतलं. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या सुट्टीत इतरांना आत कपबशी, बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात. जेवण वेगळं, पाणी वेगळं.

ही गोष्ट सांगताना सगळे त्या मातीच्या भांड्यापाशी थांबतात. मी मात्र चेंडूपाशी अडखळतो. चेंडू असतो कसला? चामड्याचा. कमावलेल्या कातड्याच्या पाकळ्या, दोऱ्याने शिवलेल्या. ज्या चामड्याच्या धंद्यामुळे एका अख्ख्या समाजाला गावाबाहेर ठेवलं, तेच चामडं ही सगळी सोवळी मंडळी दिवसभर हाताळत होती. पकड यावी म्हणून गोलंदाज बोटांना थुंकी लावतो, हे गल्लीत खेळणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. तो चेंडू झेलायचा, सदऱ्याला पुसायचा, पुढच्याकडे टाकायचा. कुणी मध्येच आंघोळीला गेल्याचं ऐकिवात नाही. बळी मिळत होते ना!

पुढे प्लेगच्या सुमारास घर मुंबईला आलं. बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्यात जागा. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. हिंदू २४२, युरोपियन १९१. मग हिंदू १६०, आणि युरोपियन १०२ मध्ये खलास. म्हणजे १०९ धावांनी विजय, दुसऱ्या डावात बाळूंचे पाच बळी. वंगभंगाच्या चळवळीचे दिवस होते ते. दारूगोळ्याशिवाय साहेबाला हरवता येतं ही बातमी तेव्हा लोकांना काय वाटली असेल, याची कल्पना करा. आता ही बातमी पेपरात कुठल्या पानावर छापायची? शेवटच्या की पहिल्या?

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ पुष्कळ हरला. पस्तिशीच्या बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. आमच्या लहानपणी क्रिकेटच्या गप्पांत रणजी असत, नायडू असत, प्रोफेसर देवधर असत. देवधरांना कधी कुणी नुसतं ‘दिनकर’ म्हटल्याचं मी ऐकलं नाही. बाळू मात्र पस्तिशीतही बाळूच आणि पुस्तकांतही बाळूच. म्हणून मी मुद्दाम अहो-जाहो करतोय, तेवढं तरी.

हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. त्यांचे भाऊही खेळाडू: शिवराम, गणपत, विठ्ठल. १९२० मध्ये निवड समितीने बाळूंना वगळलं आणि कर्णधारपदासाठी विठ्ठलना डावललं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. का बाहेर पडलो, हेही त्यांनी जाहीरपणे सांगितलं. तीन वर्षांनी तेच विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला.

इथवरची गोष्ट सांगायला सोपी आहे. टाळ्या कुठे घ्यायच्या ते कळतं. पुढचा भाग मला जड जातो.

१९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत बाळू आहेत. आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत, भायखळा-परळच्या मतदारसंघात, ते काँग्रेसतर्फे उभे राहिले ते डॉ. आंबेडकरांच्या विरोधात. ज्या आंबेडकरांना तरुणपणी बाळूंचा अभिमान वाटत होता, त्यांच्या विरोधात. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. आकडे वाचताना मला उगाच धावफलकाची आठवण होते.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. खरं सांगतो, राग आला. आपल्याला हवा असतो तो नायक सगळ्या पानांवर आपल्याच बाजूचा हवा असतो. काँग्रेसने त्यांना आंबेडकरांविरुद्ध मोहरा म्हणून वापरलं, असं म्हणून सुटता येतं. तसा डाव असेलही, चांभार विरुद्ध महार अशी मतं फोडण्याचा. पण बाळू साठीचे होते, त्यांना काय कळत नव्हतं?

मला वाटतं ते असं. या माणसाने आपल्या एका आयुष्यात मंडपाबाहेरचं मातीचं भांडं पाहिलं, आणि हिंदू संघाचं कर्णधारपद धाकट्या भावाला मिळालेलंही पाहिलं. एकेक पायरी, एकेक बळी. चेंडूमागून चेंडू त्याच टप्प्यावर टाकत राहायचं, फलंदाज कधीतरी चुकतोच, ही त्यांची जन्मभराची कसरत. अशा माणसाला गांधीजींचा सावकाशीचा रस्ता पटला असेल. आंबेडकरांकडे तेवढा धीर नव्हता, आणि त्यांनी तो का धरावा? या दोघांत कोण बरोबर हे मला विचाराल तर मी आंबेडकर म्हणेन. पण म्हणून बाळूंना मी भोळे ठरवणार नाही.

आता राहिली पुस्तकं. हे सगळं मला ठाऊक झालं ते रामचंद्र गुहांच्या क्रिकेटच्या इतिहासावरल्या इंग्रजी पुस्तकातून. आणि त्यांनी ज्यांचा आधार घेतलाय त्यांत एक मराठी पुस्तक आहे: विठ्ठल पालवणकरांचं आत्मचरित्र, ‘माझे क्रीडा-जीवन’, १९४८ सालचं. म्हणजे मराठी माणसाने मराठीत लिहिलेली घरची हकिकत मला इंग्रजीतून कळली. याची लाज वाटून मी शोधायला निघालो. एका जुन्या ग्रंथालयात कार्डांचे लाकडी खण अजून आहेत. त्यात बोट फिरवत गेलो आणि चक्क कार्ड सापडलं, पिवळं, कोपरा दुमडलेलं. मागणीची चिठ्ठी भरून दिली. आतला मुलगा वीस मिनिटांनी हात झटकत बाहेर आला, धुळीने पांढरे झालेले. म्हणाला, “काका, जागेवर नाही.” मी विचारलं, “कुणी नेलंय का?” तो म्हणाला, “नोंद नाही.” मग जरा थांबून त्यानेच विचारलं, “कादंबरी आहे का?”

मी म्हटलं, “खेळाचं आहे.” मग वाटलं, राजकारणाचंही असेल. मग काहीच बोललो नाही.

तर श्रोतेहो, तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत, माळ्यावर, रद्दीत घालायला बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यात कुठे हे पुस्तक दिसलं, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर मला दोन ओळी लिहा. मला ते नकोय, तुमच्याकडेच राहू दे. तुमच्या घरी येऊन, चहा घेत घेत वाचीन, एवढंच. विठ्ठलनी आपल्या थोरल्या भावाला त्यात काय म्हटलंय, दादा की बाळू, हे मला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे.

नमस्कार.